पातं कुणाच्या मालकीचं?

१८९५ सालच्या दोन गोष्टी. उन्हाळ्यात अमेरिकेत बॉस्टनजवळच्या ब्रुकलाइनमध्ये किंग कॅम्प जिलेट नावाचा एक फिरता विक्रेता सकाळी दाढी करायला उभा राहिला आणि त्याच्या लक्षात आलं, की वस्तऱ्याची धार पार गेली आहे. नुसती चामोटीवर घासून ती परत येण्यासारखी नव्हती. कारागिराकडून लावूनच आणायला हवी होती. त्या वैतागात त्याला कल्पना सुचली, असं त्यानेच पुढे सांगितलं आहे. धार लावत बसायचंच कशाला? पोलादाची पातळ पट्टी घ्यावी, तिच्या दोन्ही कडांना धार द्यावी आणि धार गेली की पट्टी टाकून द्यावी. त्याच वर्षी ११ सप्टेंबरला, तेव्हाच्या कुलाबा जिल्ह्यात, पेण तालुक्यातल्या गागोदे बुद्रुक या गावी नरहरी आणि रुक्मिणी भावे यांच्या पोटी विनायकाचा जन्म झाला. जग त्याला पुढे विनोबा म्हणून ओळखू लागलं.

या दोन गोष्टींचा एकमेकींशी काडीचाही संबंध नाही, हे कबूल. पण दोघेही आपापल्या परीने स्वप्नाळू होते, हे ध्यानात ठेवावं. जिलेटने आदल्याच वर्षी, १८९४ मध्ये, ‘द ह्यूमन ड्रिफ्ट’ नावाचं पुस्तक लिहून स्पर्धेवर आधारलेली सगळी अर्थव्यवस्था मोडीत काढायची योजना मांडली होती. सगळं उत्पादन लोकांच्याच मालकीच्या एका अवाढव्य कंपनीकडे द्यावं, नायगारा धबधब्याच्या विजेवर चालणारं एकच महानगर उभारावं, असं त्याचं म्हणणं. स्पर्धा हे सगळ्या पापांचं मूळ, असं मानणाऱ्या या गृहस्थाने पुढे जो धंदा उभा केला, त्याने स्पर्धकांना कोर्टात खेचण्यात कधी हयगय केली नाही. विनोबांचं स्वप्न वेगळं होतं. गावाने गावातच भागवावं आणि पैशावाचून भागवता आलं तर फारच उत्तम.

मला या दोघांची आठवण एकत्र होते ती एका तिसऱ्याच वस्तूमुळे. मुंबईच्या चोरबाजारात मला एक जुना इंजेक्टर रेझर मिळाला. मूठ पिवळसर, डोकं करंगळीच्या पेराएवढं. चांगल्या अवस्थेत होता, स्वस्तही होता. स्वस्त का होता ते नंतर कळलं. त्यात घालायचं पातं पेणला मिळत नाही, पनवेलला मिळत नाही, मुंबईतही मिळत नाही. पेणच्या बाजारात कुठल्याही किराणा दुकानात दाढीचं ब्लेड मागा, पाचाची पुडी समोर येते. हा रेझर दाखवला की दुकानदार तो उलटसुलट करून बघतो आणि विचारतो, “ह्याचं तोंड कुठाय?”

प्रश्न बरोबर आहे. दाढीचा गेल्या सव्वाशे वर्षांचा इतिहास हा धारेचा कमी आणि तोंडाचा जास्त आहे. कुठलं पातं कुठे बसेल, हे कुणी ठरवायचं?

*

विनोबा जन्मले तेव्हा गागोद्यात हा प्रश्न नव्हता. धार न्हाव्याच्या मालकीची होती. (जुन्या कागदांत न्हावी; आज आदराने नाभिक म्हणतात, आणि ते योग्यच आहे. जुन्या काळाबद्दल बोलताना मी जुना शब्द वापरतो आहे.) त्याची कातड्याची धोपटी, तिच्यात वस्तरा, कात्री, चामोटी, धारेचा दगड, नखं काढायची नराणी, पाण्याची वाटी आणि आरसा. तो ठरल्या दिवशी दारात यायचा, ओसरीच्या पायरीवर किंवा अंगणात बसून श्मश्रू करायचा आणि त्या वेळी रोख काही घ्यायचा नाही. वर्षाकाठी धान्य मिळायचं. भातपिकाच्या या मुलखात अर्थातच भात. देशावर बारा बलुतेदारांची जी घट्ट वीण होती तशी कोकणात नव्हती. इथल्या खोतीच्या गावांत ती सैल होती. तरी न्हाव्यावाचून गावाचं चालत नसे. मुंज असो, लग्न असो, सुतक असो, वस्तरा लागायचाच.

पैसा हातात न घेता चालणारी ही व्यवस्था लांबून पाहिली तर फार लोभस वाटते. ग्रामस्वराज्यावर लिहिणाऱ्या अनेकांना ती तशी वाटलीही आहे. पण तिची दुसरी बाजू ज्याने भोगली त्यानेच लिहून ठेवली आहे. डॉ. आंबेडकरांचं ‘वेटिंग फॉर अ व्हिसा’ हे छोटं आत्मकथन वाचावं. साताऱ्यात न्हावी होते, आंबेडकरांच्या घरात त्यांना द्यायला पैसेही होते. पण अस्पृश्याच्या डोक्याला हात लावायला एकही न्हावी तयार नव्हता. घरातल्या मुलांचे केस थोरली बहीण कापायची, आणि करून करून ती त्यात तरबेज झाली होती. हा काळ साधारण विसाव्या शतकाच्या तोंडाचा, म्हणजे गागोद्यात छोटा विनायक आजोबा शंभुरावांच्या घरात वाढत होता तोच. वस्तरा न्हाव्याच्या हातात होता, पण तो कुणाच्या गालाला लावायचा याचा निर्णय न्हाव्याच्या हातात नव्हता. उद्या त्याने महाराची दाढी केली असती, तर परवा गावाने त्याचं बलुतं बंद केलं असतं.

तोच वस्तरा आणखी एका कामाला लावला जात असे, त्या कामाचं नाव घेताना आजही अंगावर काटा येतो. नवरा मेला की ब्राह्मण आणि इतर काही उच्च मानल्या गेलेल्या जातींत विधवेचं डोकं भादरलं जाई, आणि पुढे आयुष्यभर ठरावीक दिवसांनी भादरलं जाई. वय काय, हे कुणी पाहत नसे. हे काम न्हाव्याचं. १८९० साली मुंबईत न्हावी समाजातल्या लोकांनी एकत्र येऊन सांगितलं, की हे आम्ही यापुढे करणार नाही. सत्यशोधक चळवळीतले आणि गिरणी कामगारांचे पुढारी नारायण मेघाजी लोखंडे यांचा त्यामागे पुढाकार होता, जोतीराव फुल्यांची शिकवण होती. या संपाचं वर्णन करताना बहुतेक जण सुधारकांबद्दल लिहितात. मला त्यातला कारागीर जास्त दिसतो. ज्याच्या हातातल्या हत्यारावर आजवर गावाची, जातीची, घरमालकाची हुकमत होती, त्याने ते हत्यार खाली ठेवलं. धार माझी असेल तर ती कुठे चालवायची हेही मी ठरवणार, असं म्हणणारा हा आपल्याकडचा पहिला मोठा नकार असावा. त्याला वेतनवाढ नको होती. उलट काम जात होतं. संपाच्या इतिहासात असे संप हाताच्या बोटांवर मोजावे लागतील.

*

स्वतःची दाढी स्वतः करणं ही आज इतकी साधी गोष्ट आहे, की तिच्यात काही सामाजिक अर्थ असेल असं वाटत नाही. गांधीजींच्या आत्मकथेतला एक प्रसंग प्रसिद्ध आहे. प्रिटोरियात गोऱ्या न्हाव्याने त्यांचे केस कापायला नकार दिला. गांधी दुकानातून केस कापायचं यंत्र विकत घेऊन घरी गेले आणि आरशासमोर स्वतःच कापले. पुढचे कसेबसे जमले, मागचे बिघडले. कोर्टात मित्रांनी हसून हसून विचारलं, उंदरांनी कुरतडले का? गांधींनी तिथे एक गोष्ट नोंदवली आहे ती सहसा कुणी सांगत नाही. त्या गोऱ्या न्हाव्याचा त्यांना राग आला नाही, कारण आपल्याकडे आपले न्हावी अस्पृश्यांची हजामत करतात का, हा प्रश्न त्यांच्या मनात होता. पुढे त्यांच्या आश्रमांत स्वावलंबनाचा जो आग्रह आला, त्याची एक मुळी या फसलेल्या हजामतीत आहे. विनोबा १९१६ च्या जूनमध्ये कोचरबच्या आश्रमात गांधींकडे पोचले, ते अशा वातावरणात.

तिकडे जिलेटची पातळ पट्टी कागदावरून कारखान्यात यायला आठ वर्षं लागली. इतक्या पातळ पोलादाला धार देता येणार नाही, असं जाणकार सांगत होते. विल्यम निकरसन या अभियंत्याने ते जमवलं. १९०३ मध्ये, विक्रीच्या पहिल्या वर्षात, ५१ रेझर आणि १६८ पाती खपली. पुढच्या वर्षी रेझर नव्वद हजारांवर गेले. पेटंट १९०४ मध्ये मिळालं. पहिल्या महायुद्धात अमेरिकी सैन्याने शिपायांना ३५ लाख रेझर आणि ३ कोटी २० लाख पाती दिली, आणि युद्धावरून परतलेली एक अख्खी पिढी रोज सकाळी घरीच दाढी करू लागली.

इथे मालकीची गोष्ट बदलली. वस्तऱ्याच्या काळात धार कारागिराकडे होती. आता मूठ गिऱ्हाइकाकडे आली आणि धार कंपनीकडे गेली. गिऱ्हाइक जातीच्या, मुहूर्ताच्या, न्हाव्याच्या सवडीच्या बंधनातून सुटलं आणि दर आठवड्याला दुकानात जाऊ लागलं. जिलेटला हे सुचलं ते विल्यम पेंटरच्या सल्ल्यामुळे, असं म्हणतात. बाटलीचं पत्र्याचं झाकण शोधणाऱ्या पेंटरकडे तो नोकरीला होता, आणि एकदा वापरून फेकून देण्यासारखं काहीतरी शोध, म्हणजे गिऱ्हाइक परत येत राहील, असं पेंटर त्याला सांगत असे.

पण पेटंटला मुदत असते. जिलेटची मूळ पेटंटं १९२१ मध्ये संपली आणि दुधारी पात्याचं तोंड सर्वांसाठी उघडलं. कुणीही ते पातं बनवू शकत होतं, कुणाच्याही रेझरमध्ये ते बसत होतं. कंपन्यांना हे कसं रुचणार? हेन्री गेसमन नावाच्या प्रतिस्पर्ध्याने प्रोबॅक नावाचं असं पातं काढलं, की ते जिलेटच्या रेझरमध्ये बसावं, पण जिलेटचं पातं त्याच्या रेझरमध्ये बसू नये. नुसत्या भोकांच्या आकाराची ही लढाई. ती इतकी पेटली, की शेवटी १९३० मध्ये दोन्ही कंपन्या एक झाल्या. त्या वर्षी ठरलेला पात्याचा आकार, मधल्या लांबोळक्या खाचेसकट, आज पेणच्या दुकानातल्या पुडीत आहे.

*

आता इंजेक्टर.

जेकब शिक हा अमेरिकी सैन्यातला अधिकारी. फिलिपीन्समध्ये होता, अलास्कात होता. एकामागून एक गोळी आपोआप नळीत सरकवणारी सैन्यातली रायफल त्याच्या डोक्यात बसली होती. पात्यांचंही तसं का करू नये? १९२६ च्या सुमारास त्याने मुठीतच पात्यांचा साठा असलेला रेझर बाजारात आणला. १९३० च्या दशकाच्या मध्यावर त्याचं सुधारलेलं रूप आलं. साठा मुठीतून निघाला आणि एका चपट्या पत्र्याच्या डबीत गेला. हाच इंजेक्टर. शिकला स्वतःला तोवर त्यात रस उरला नव्हता. विजेवर चालणारा, पाणी-साबण नको असलेला रेझर काढायच्या ध्यासापायी त्याने पात्यांचा धंदा विकून टाकला होता. त्याचा विजेचा रेझर १९३१ मध्ये आला आणि चाललाही.

इंजेक्टरची करामत हातात घेतल्याशिवाय नीट कळत नाही. डबीच्या तोंडाशी पत्र्याची एक छोटी जीभ असते. ती रेझरच्या डोक्यातल्या खाचेत घातली की आतली स्प्रिंग किंचित उचलली जाते. मग डबीवरचा सरकता खटका पुढे ढकलायचा. नवं पातं आत सरकतं, जुनं दुसऱ्या बाजूने बाहेर पडतं. बोट धारेला लागतच नाही. डबी काढली की स्प्रिंग बसते आणि पातं जखडलं जातं. सगळा खेळ दोन सेकंदांचा. पावसाळ्यात ओल्या हातांनी दुधारी ब्लेडचा मेणकागद सोलताना ज्याने बोट कापून घेतलं आहे, त्याला या डबीचं कौतुक वाटल्याशिवाय राहणार नाही.

दाढी छान होते. डोकं लहान असल्यामुळे नाकाखाली आणि जबड्याच्या कोपऱ्यात सहज पोचतं. पातं जाड, सुमारे पाव मिलीमीटर. दुधारी ब्लेड जेमतेम ०.१ मिलीमीटरचं असतं. त्यामुळे दुधारी पातं दाट दाढीत किंचित थरथरतं, इंजेक्टरचं थरथरत नाही. कोन आधीच ठरलेला असतो. रेझरचं डोकं गालावर सपाट टेकवायचं आणि वजन न देता खाली आणायचं. वस्तऱ्याची सवय असलेला माणूस इथे चुकतो, कारण तो मनगट वळवायला जातो. गैरसोय एकच, धार एकाच बाजूला. दुधारी रेझर भरला की उलटा करून पुढे चालता येतं. हा दर दोन ओढींनंतर धुवावा लागतो.

पात्यांचं म्हणाल तर शोधाअंती चित्र असं दिसतं. शिकचा १९२६ चा मुठीत साठा असलेला पहिला प्रकार कितीही देखणा असला तरी वापरायला घेऊ नये. त्याची पाती बंद होऊन जमाना झाला. डबीचा इंजेक्टर असेल तर आशा आहे. त्या पात्याचं माप गेल्या ऐंशी वर्षांत बदललेलं नाही, म्हणून चाळीसच्या दशकातल्या रेझरमध्ये आजचं पातं बसतं. अमेरिकेत व्हर्जिनियातल्या व्हेरोना गावच्या कारखान्यात बनलेली पर्सोनाची पाती जाणकार उत्तम मानतात. गंमत म्हणजे ती मिळत आली सूक्ष्मदर्शकाचं साहित्य पुरवणाऱ्या एका कंपनीच्या यादीत, कारण प्रयोगशाळेत नमुने कापायला तेच पातं लागतं. चीनमध्ये बनलेली पाती निघतात. जपानमध्ये शिकचा इंजेक्टर अमेरिकेपेक्षा जास्त काळ टिकून राहिला. टेक्सासमधल्या एका छोट्या कंपनीने गेल्या दशकात जुन्या घडणीचा नवा इंजेक्टर काढला, त्याने मागणीला थोडा जीव आला. आपल्याकडे बसून हे सगळं परदेशातून मागवावं लागतं. पाती चार पैशांची आणि टपाल रुपयाचं. दुधारी ब्लेड मधोमध मोडून त्याचा अर्धा तुकडा आत सरकवण्याची युक्ती डोक्यात येते. येऊ देऊ नये. तो तुकडा रुंदीला जास्त भरतो, जाडीला फारच कमी, आणि स्प्रिंग त्याला धरत नाही. गालावर सुटं पातं म्हणजे खरोखरच केसाने गळा कापल्यासारखं.

इतकं चांगलं यंत्र मग हरलं कशामुळे? अमेरिकेत त्याला पुढे आलेल्या दुपाती, तीनपाती काडतुसांनी मारलं, हे उघड आहे. ती काडतुसं म्हणजे इंजेक्टरच्याच कल्पनेचं टोक. आपलंच तोंड, आपलंच पातं, दुसऱ्या कुणाचं बसू नये. अशा व्यवस्थेला मराठीत फार पूर्वीपासून नाव आहे, बिनपाण्याने हजामत. पण आपल्याकडे त्याचा बाजार कधी उभाच राहिला नाही, त्याचं कारण वेगळं आहे, आणि ते ठाण्यात सापडतं.

*

स्वातंत्र्यापूर्वी इथली ब्लेडं विलायतेहून यायची. नंतर आयातीवर निर्बंध आले, आणि परदेशातून येणाऱ्या नातेवाइकाच्या बॅगेत सेंट, चॉकलेट आणि ब्लेडची पाकिटं असणं हा मध्यमवर्गी घरांतला एक विधीच होऊन बसला. एकेक ब्लेड पुसून, काचेच्या पेल्याच्या आतल्या बाजूला घासून आठवडाभर पुरवणारे आजोबा अनेकांना आठवत असतील. साध्या पोलादाची ती पाती गंजायची. १९६०च्या दशकाच्या सुरुवातीला इंग्लंडच्या विल्किन्सन स्वोर्डने स्टेनलेस पोलादाचं, लेप दिलेलं पातं आणलं तेव्हा जिलेटचीही तारांबळ उडाली. दमट कोकणात न गंजणारं पातं ही काय चीज होती, हे चामोटी बुरशीपासून वाचवत बसणाऱ्यालाच कळेल.

आयात बंद असल्याने देशी कारखाने उभे राहिले, आणि ते सगळे दुधारी पात्याचे उभे राहिले. कारण त्याचं तोंड मोकळं होतं. कुणाची परवानगी नको, कुणाला हक्काचे पैसे नकोत, आणि घरोघरी असलेल्या दाढीच्या मशीनमध्ये ते बसणारच. कलकत्त्याच्या मल्होत्रा घराण्याचं टोपाझ आणि पनामा गावोगाव पोचलं. ठाण्याच्या वागळे इस्टेटमध्ये विद्युत मेटॅलिक्सचं सुपरमॅक्स बनू लागलं आणि तिथून जगातल्या कितीतरी देशांत गेलं. कोकणातून पोटासाठी ठाण्या-मुंबईकडे गेलेल्या माणसांच्या हातांखालून गेलेली पाती आफ्रिकेतल्या आणि आखातातल्या गालांवर फिरली. इंजेक्टरचा एखादा कारखाना निघाला असता तर त्याला आधी रेझर विकावे लागले असते, मग पाती. ज्या देशात आयतं तोंड कोट्यवधी घरांत होतं, तिथे हा उपद्व्याप कोण करणार? गेल्या काही वर्षांत ठाण्याच्या त्या कारखान्यातून थकलेल्या पगाराच्या आणि आंदोलनांच्या बातम्या येत राहिल्या. त्यावर स्वतंत्र लेख व्हायला हवा, आणि तो तिथे काम केलेल्या कुणीतरी लिहायला हवा.

जिलेटही परतली. १९८४ मध्ये इंडियन शेव्हिंग प्रॉडक्ट्स या भागीदारीतल्या कंपनीच्या रूपाने. तिची महाग काडतुसं शहराबाहेर फारशी खपेनात. २००२ मध्ये भारतासाठी म्हणून काढलेला एक रेझर फसला. त्याची चाचणी अमेरिकेत एमआयटीत शिकणाऱ्या भारतीय विद्यार्थ्यांवर घेतली होती, आणि त्यांच्याकडे वाहता नळ होता. इथे माणूस खाली बसतो, पुढ्यात आरसा टेकवतो, पेलाभर पाण्यात रेझर बुडवतो, आणि केसांनी भरलेलं काडतूस पेल्यात काही साफ होत नाही. मग कंपनीची माणसं इथे येऊन घरोघरी बसली, आणि २०१० मध्ये गार्ड नावाचा रेझर आला. एकच पातं, मोजून चार भाग, किंमत १५ रुपये, काडतूस ५ रुपयांना. एका बलाढ्य कंपनीला ओसरीवरच्या पेल्यापुढे नमतं घ्यावं लागलं, ही मला या इतिहासातली सगळ्यात मजेची गोष्ट वाटते. तोंड मात्र तिने आपलंच ठेवलं. गार्डच्या मुठीवर दुसऱ्या कुणाचं पातं बसत नाही.

*

१९५० च्या सुमारास विनोबांनी पवनारच्या आश्रमात कांचनमुक्तीचा प्रयोग मांडला. पैसा आश्रमात येऊ द्यायचा नाही. विहीर स्वतः खणायची, बैलांशिवाय हातांनी शेती करायची, सूत स्वतः काततच होते. पुढच्याच वर्षी ते तेलंगणात गेले आणि भूदानाची पदयात्रा सुरू झाली. त्या प्रयोगाबद्दल वाचताना माझ्या मनात दर वेळी तोच क्षुल्लक प्रश्न येतो. भाजी पिकवता येते, कापड विणता येतं. पातं कुठून आणायचं? ०.१ मिलीमीटरचं पोलाद कुठल्याच गावात तयार होत नाही. विनोबांच्या नंतरच्या छायाचित्रांत त्यांनी दाढी राखलेली दिसते. त्यांच्यापुरता प्रश्न मिटला असं म्हणावं, तर म्हणावं. पण पैशावाचून दाढी होत असे ती बलुत्यात, आणि त्या दाढीला जात होती. रोख पैसे देऊन आणलेल्या ब्लेडला जात नव्हती, कारखाना होता. या दोहोंपैकी मला निवडायला सांगितलं तर मी ब्लेड निवडेन. साताऱ्याच्या त्या घरातल्या थोरल्या बहिणीनेही तेच निवडलं असतं, असं मला वाटतं.

न्हाव्याचं काय झालं, हे सांगायचं राहिलं. रिकामा न्हावी भिंतीला तुंबड्या लावी, ही म्हण खरी करायची वेळ त्याच्यावर आली नाही. तो अंगणातून उठून रस्त्यावर आला. सलून झालं, फिरती खुर्ची आली, सोमवारची सुट्टी आली, भाताऐवजी रोख आली. वस्तरा तरीही बराच काळ टिकला. १९८६ मध्ये भारतात एचआयव्हीचे पहिले रुग्ण सापडले आणि पुढच्या दहा-पंधरा वर्षांत एकाच वस्तऱ्याने सगळ्यांची दाढी करणं हळूहळू बंद पडलं. आज पेण-रोह्याच्या रस्त्यावर कुठल्याही सलूनमध्ये बसा. कारागीर कागदातलं दुधारी ब्लेड तुमच्यासमोर काढतो, मधोमध कटकन मोडतो, अर्धं वस्तऱ्याच्या आकाराच्या मुठीत सरकवतो, अर्धं पुढच्या गिऱ्हाइकासाठी ठेवतो. जिलेटने ज्या पात्याने न्हाव्याची गरज संपवली, तेच पातं न्हाव्याने अर्धं करून वापरायला घेतलं.

मोकळ्या तोंडाच्या पात्याचं हे असं असतं. ते कुठेही जातं. पेन्सिलीला टोक काढायला, उसवायला, वहीचं पान कापायला. आणि दाढीशी ज्याचा काही संबंध नाही अशा एका कामाला ते आपल्या गावांत गेलं. घरी होणाऱ्या बाळंतपणात सुईण नाळ कापायची ती कधी विळ्याने, कधी बांबूच्या धारदार कामटीने, घरात जे हाताला येईल त्याने. त्यातून बाळाला धनुर्वात व्हायचा आणि ते आठवडाभरात जायचं. १९९२ मध्ये सुरू झालेल्या बालजीवित्व आणि सुरक्षित मातृत्व कार्यक्रमात सुईणींना पाच स्वच्छता शिकवल्या गेल्या. स्वच्छ हात, स्वच्छ जागा, स्वच्छ पातं, स्वच्छ दोरा, आणि नाळेला काहीही न लावणं. त्यांना छोट्या पिशव्या दिल्या जात. पिशवीत साबणाचा तुकडा, दोरा आणि मेणकागदात गुंडाळलेलं एक कोरं दुधारी ब्लेड. २०१५ मध्ये माता आणि नवजात बालकांच्या धनुर्वाताचं देशातून उच्चाटन झाल्यावर जागतिक आरोग्य संघटनेने शिक्कामोर्तब केलं. त्यात लशींचा वाटा मोठा, दवाखान्यात होणाऱ्या बाळंतपणांचा मोठा. आणि थोडा त्या पिशवीचा, जिच्यातलं पातं संपलं तर सुईणीला कोपऱ्यावरच्या वाण्याकडे सुटं एक मिळत होतं.